साधन आणि पद्धत : अध्यापन-तंत्रविज्ञानाविषयी संशोधनाचा पुरावा काय सांगतो?

प्रस्तावना

शिक्षकांच्या प्रशिक्षण-वर्गांत एक आकृती हमखास दाखवली जाते. मनुष्य वाचलेले १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, पाहिलेले व ऐकलेले मिळून ५० टक्के, स्वतः बोललेले ७० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के, असे तीत सांगितलेले असते. मार्गदर्शक पुढच्या वाक्यात त्यावरून निष्कर्ष काढतात. केवळ व्याख्यानावर विसंबणारा शिक्षक मागे पडणार, म्हणून वर्गात प्रोजेक्टर हवा, ध्वनिचित्रफिती हव्यात, स्मार्ट बोर्ड हवा. वर्ग संपतो, अभिप्राय-पत्रके भरली जातात आणि महाविद्यालयात परतल्यावर साधन-खरेदीचा प्रस्ताव तयार होतो.

या साखळीतील प्रत्येक दुवा तपासून पाहण्याजोगा आहे. लहान शिक्षणसंस्थांचा निधी मर्यादित असतो. त्यातून घेतलेला स्मार्ट बोर्ड म्हणजे न घेतलेली ग्रंथालयातील पाठ्यपुस्तके किंवा न नेमलेला एखादा अर्धवेळ शिक्षक असू शकतो. शिवाय ज्या विद्यार्थ्याच्या घरी महाविद्यालयात जाणारा तोच पहिला आहे, त्याला वर्गातील तासिकेशिवाय दुसरा आधार बहुधा नसतो. ती तासिका कशी वापरली जाते हा त्याच्या दृष्टीने पुढील आयुष्याचा प्रश्न असतो. म्हणून अध्यापनाची साधने व शिक्षक-प्रशिक्षणाच्या पद्धती यांविषयी उपलब्ध असलेला पुरावा काय सांगतो, आणि त्या पुराव्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

टक्केवारीचा उगम

वरील आकृती एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपवली जाते. डेल यांनी १९४६ मध्ये दृक्श्राव्य अध्यापन-पद्धतींवरील आपल्या ग्रंथात 'अनुभवांचा शंकू' मांडला, हे खरे आहे. परंतु त्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दरूप प्रतीकांपर्यंत अनुभवाचे प्रकार कसे अमूर्त होत जातात, एवढेच त्यांना दाखवायचे होते. हा शंकू म्हणजे साधनांची उच्च-नीच उतरंड समजू नये, असेही त्यांनी बजावले होते. टक्क्यांचे आकडे नंतर कोणीतरी त्याला चिकटवले.

त्या आकड्यांच्या मागे कोणताही प्रयोग सापडत नाही. संशोधनाची थोडी सवय असलेल्या वाचकाला तर आकडे पाहताच शंका यावी. सर्व आकडे दहाच्या पटीत आहेत. किती दिवसांनंतरचे स्मरण, कोणत्या विषयाचे, कोणत्या वयाच्या विद्यार्थ्यांचे, याचा उल्लेख नाही. वाचन आणि कृती यांची तुलना एकाच मापाने कशी केली, हेही सांगितलेले नाही.

विद्यार्थ्यांची दृश्य, श्राव्य व कृतिशील अशी 'अध्ययन-शैली'नुसार विभागणी करण्याचीही अशीच गत आहे. पॅश्लर व त्यांचे तीन सहकारी मानसशास्त्रज्ञ यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. विद्यार्थ्याच्या शैलीशी अध्यापनाचा मेळ घातल्याने अधिक अध्ययन होते, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. तरीही दोन्ही कल्पना प्रशिक्षण-वर्गांत टिकून आहेत. त्या सोप्या आहेत, ऐकायला पटणाऱ्या आहेत, आणि साधने विकणाऱ्यांनाही सोयीच्या आहेत.

जुनी आश्वासने आणि क्लार्क यांचा आक्षेप

चलच्चित्रामुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये केले होते. त्यानंतर रेडिओ आला, दूरदर्शन आले, संगणक आला. लॅरी क्यूबन यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात १९२० पासूनच्या या वाटचालीचा इतिहास मांडला आहे. प्रत्येक वेळी मोठे आश्वासन, मग काही अनुकूल अभ्यास, मग वर्गात अल्प वापर आणि शेवटी शिक्षकांवर दोषारोप, असा क्रम त्यात दिसून येतो.

भारतातही हा क्रम अपरिचित नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग झाला. कर्नाटक, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश ही राज्ये त्यांत होती. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवरून 'देशव्यापी वर्ग' सुरू केला. त्याच सुमारास शाळांत संगणक-साक्षरतेचा प्रकल्प आला आणि २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. या उपक्रमांतून बरेच काही शिकता आले. परंतु दर वेळी 'साधन पोहोचले का?' हा प्रश्न आधी विचारला गेला आणि 'अध्ययन वाढले का?' हा नंतर, किंवा विचारलाच गेला नाही.

१९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी माध्यम-संशोधनाचा आढावा घेऊन एक कठोर निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते माध्यम हे केवळ वाहन आहे. किराणा माल आणणाऱ्या मालमोटारीमुळे जसे आपले पोषण सुधारत नाही, तसे माध्यमामुळे अध्ययन वाढत नाही. ज्या अभ्यासांत संगणकाचा गट पुढे गेलेला दिसतो, तेथे बहुतेक वेळा त्या गटाला अधिक चांगली आखणी, अधिक सराव किंवा वेगळा शिक्षक मिळालेला असतो. नावीन्याचा परिणामही असतो आणि तो काही आठवड्यांत ओसरतो.

रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये व पुन्हा १९९४ मध्ये याचा प्रतिवाद केला. काही पद्धती विशिष्ट माध्यमाशिवाय शक्यच होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. उदाहरणार्थ, वस्तूची गती बदलताच तिचा आलेख डोळ्यांसमोर बदलताना दाखवणे फळ्यावर जमत नाही. हा आक्षेप योग्य आहे. मात्र त्यामुळेही क्लार्क यांचा मूळ प्रश्न टळत नाही. एखाद्या साधनामुळे विद्यार्थी असे काय करू लागतो जे तो एरवी करत नव्हता, याचे उत्तर साधनाचा आग्रह धरणाऱ्याने द्यावयास हवे.

वडोदऱ्याचा प्रयोग

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर देणारा एक अभ्यास वडोदरा शहरात झाला. २००० मध्ये गुजरात शासनाने तेथील १०० महापालिका प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. पुढे पाहणी केली असता प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी हे संगणक जवळजवळ वापरलेच जात नसल्याचे आढळले. साधन होते, पद्धत नव्हती.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो व ली लिंडन यांनी 'प्रथम' या संस्थेबरोबर २००२ ते २००४ या काळात तेथे प्रयोग केला. कोणत्या शाळांत कार्यक्रम राबवायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरवण्यात आले. इयत्ता चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून गणिताचे खेळ दिले गेले. मुलाची जेथे पकड असेल तेथून प्रश्न सुरू होत आणि काठिण्य हळूहळू वाढत जाई. पहिल्या वर्षी गणितातील संपादणूक ०.३५ प्रमाण विचलनाने व दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढली. शैक्षणिक प्रयोगांत हा परिणाम मोठा मानला जातो. हेच संगणक आधी पडून होते. फरक पडला तो त्यांवर मुलांना काय करायला दिले गेले त्यामुळे.

परंतु अभ्यासातील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने मुलांची चाचणी घेतली तेव्हा हा लाभ सुमारे ०.१० प्रमाण विचलनावर आला होता. दुसरी गोष्ट खर्चाची. त्याच अभ्यासात वडोदरा व मुंबई येथे 'बालसखी' हा वेगळा उपक्रमही तपासला गेला. वस्तीतीलच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणींना सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन मागे पडलेल्या मुलांच्या लहान गटांना शिकवण्यास नेमले होते. त्यांना दरमहा ५०० ते ७५० रुपये मानधन होते. या उपक्रमाचा परिणाम दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन एवढा होता. खर्च दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर, तर संगणक-कार्यक्रमाचा खर्च सुमारे १५ डॉलर. म्हणजे एकूण लाभ संगणकाचा अधिक, पण खर्चाच्या मानाने लाभ बालसखीचा अधिक. संगणक व बालसखी या दोहोंत समान होते ते एकच : मूल ज्या पातळीवर आहे तेथून शिकवणे.

तेच साधन, उलट परिणाम

ली लिंडन यांनी गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत पुढचा अभ्यास केला. संगणकावरील गणिताचा कार्यक्रम एका मांडणीत नेहमीच्या तासिकेच्या जागी ठेवला गेला आणि दुसऱ्या मांडणीत शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला गेला. पहिल्या मांडणीत मुले तुलनेतील मुलांपेक्षा ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. दुसऱ्या मांडणीत ०.२८ प्रमाण विचलनाने पुढे गेली. कार्यक्रम तोच, मुलेही तशीच. पहिल्या मांडणीत संगणकाने एका चांगल्या अध्यापनाची जागा घेतली, तर दुसऱ्या मांडणीत त्या अध्यापनाला जोड दिली.

हा निष्कर्ष महाविद्यालयांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. नवे साधन वर्गात येते तेव्हा ते कशाची तरी जागा घेते. तयार ध्वनिचित्रफीत लावून शिक्षक बाजूला बसला, तर गेलेले काय आणि आलेले काय याचा हिशेब मांडावा लागतो.

दिल्लीत मुरलीधरन, सिंग व गॅनिमियन यांनी ६१९ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या पातळीनुसार प्रश्न देणाऱ्या एका संगणक-कार्यक्रमाच्या केंद्रांवर हे विद्यार्थी शाळेनंतर जात. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. तंत्रविज्ञानाच्या बाजूने हा अभ्यास वारंवार पुढे केला जातो. तथापि केंद्रावरील दीड तासापैकी निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकाजवळ जात असे. त्यामुळे लाभाचा किती वाटा संगणकाचा व किती शिक्षकाचा, हे या मांडणीतून वेगळे करता येत नाही. संशोधकांनी स्वतःही ही मर्यादा मान्य केली आहे. केवळ साधन पुरवण्याचे उदाहरण पाहायचे झाल्यास पेरू या देशातील आहे. तेथे मुलांना लॅपटॉप देण्याच्या योजनेचा ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला आणि गणित व भाषा यांतील संपादणुकीवर परिणाम आढळला नाही.

महाविद्यालयीन वर्गातील पुरावा

वरील अभ्यास शालेय मुलांचे आहेत. महाविद्यालयांना ते जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. सुदैवाने महाविद्यालयीन वर्गांविषयीही भरीव संशोधन झाले आहे.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ प्रारंभिक अभ्यासक्रमांतील ६,५०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या पूर्वचाचणी व उत्तरचाचणीचे गुण एकत्र केले. पूर्वचाचणीनंतर जेवढी वाढ शक्य होती तिच्या सरासरी २३ टक्के वाढ व्याख्यान-पद्धतीच्या वर्गांत झाली. विद्यार्थ्यांना विचार करून उत्तर देण्यास, चर्चा करण्यास भाग पाडणाऱ्या वर्गांत ती ४८ टक्के होती. फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्याख्यान-वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात हा बारा विद्यार्थ्यांचा फरक होतो.

या पद्धतीला यंत्र लागते काय? हार्वर्डचे एरिक मझूर यांनी १९९१ पासून एक साधी रीत रूढ केली. तासिकेत मध्येच एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा नोंदवायचे. उत्तरे नोंदवण्यासाठी हातातील बटणांची उपकरणे विकली जाऊ लागली. नाथानिएल लास्री यांनी कॅनडातील क्वेबेक प्रांतातील एका महाविद्यालयात एका वर्गाला अशी उपकरणे दिली व दुसऱ्याला उत्तराची अक्षरे लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन्ही वर्गांच्या अध्ययनात लक्षणीय फरक नव्हता. उपकरणांमुळे शिक्षकाला नोंदी ठेवणे सोपे गेले, एवढेच.

स्मरणाबाबतही असेच आहे. रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. लिहून काढण्यासाठी लागला तो कागद आणि पेन. सराव एकाच दिवशी उरकण्यापेक्षा अंतराअंतराने केल्यास अधिक टिकतो, हेही शेकडो प्रयोगांतून सिद्ध झाले आहे.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन

शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळल्यास चित्र अधिक निराशाजनक दिसते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली. नाव पुढे दोनदा बदलले तरी उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग यांचे स्वरूप मुख्यतः व्याख्यानांचेच राहिले. व्याख्यान-पद्धत सोडावी, हे व्याख्यानातूनच सांगितले जाते, ही यातील मोठी विसंगती होय.

शेवटी भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय-पत्रकांवरून वर्ग यशस्वी झाल्याचा निर्वाळा दिला जातो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तनातील बदल व परिणाम. अभिप्राय-पत्रक पहिल्याच पायरीवर थांबते. आणि ती पायरीही फसवी असू शकते. हार्वर्डमधील २०१९ च्या एका प्रयोगात डेलॉरिए व सहकाऱ्यांना असे आढळले की, सक्रिय वर्गातील विद्यार्थी चाचणीत अधिक शिकलेले होते, परंतु आपण कमी शिकलो अशी त्यांची भावना होती. ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट खूप समजल्यासारखे वाटले. 'वर्ग आवडला' याचा अर्थ 'वर्गातून शिकलो' असा घेता येत नाही.

प्रशिक्षण मग निरुपयोगीच काय? तसे नाही. क्राफ्ट, ब्लेझर व होगन यांनी २०१८ मध्ये शिक्षकाला त्याच्याच वर्गात जाऊन मार्गदर्शन करण्याविषयीच्या ६० अभ्यासांचे विश्लेषण केले. अध्यापनाच्या गुणवत्तेत ०.४९ व विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत ०.१८ प्रमाण विचलनाची वाढ दिसून आली. अनुभवी सहकाऱ्याने वर्ग पाहणे, एका ठरावीक बाबीवर बोलणे आणि पुन्हा येऊन पाहणे, हे त्याचे स्वरूप. मात्र कार्यक्रम मोठा होत जातो तसा परिणाम कमी होतो, हेही त्याच विश्लेषणात दिसते. पुरावाही प्रामुख्याने अमेरिकी शाळांचा आहे. म्हणून एकदम विद्यापीठ-पातळीवर योजना आखण्यापेक्षा एका विभागातील दोन शिक्षकांनी परस्परांचा वर्ग पाहण्यापासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

निष्कर्ष

या पुराव्यात उणिवा आहेत. भारतीय महाविद्यालयांतील, विशेषतः कला व वाणिज्य शाखांतील, यादृच्छिक प्रयोग विरळ आहेत. मातृभाषेच्या माध्यमातून येऊन इंग्रजीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याविषयी वरील बहुतेक अभ्यास काहीच सांगत नाहीत. ही उणीव महाविद्यालयीन शिक्षकच भरून काढू शकतात. एकाच विषयाच्या दोन तुकड्या, एकच प्रश्नपत्रिका आणि एक महिन्यानंतर अनपेक्षितपणे घेतलेली चाचणी, एवढ्या सामग्रीवर उपयुक्त अभ्यास होऊ शकतो.

तथापि एक गोष्ट पुरेशी स्पष्ट आहे. विद्यार्थ्याच्या पातळीपासून प्रारंभ करणे, त्याला आठवून उत्तर देण्यास लावणे, त्याच्या चुकीवर लगेच प्रत्याभरण देणे आणि अंतराने पुन्हा विचारणे, यांमुळे अध्ययन होते. साधन यांपैकी काही घडवून आणत असेल तर ते उपयुक्त, नसेल तर शोभेचे. साधन-खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाला म्हणून चार प्रश्न विचारले जावेत : या साधनामुळे विद्यार्थी नवे काय करील? ते कशाची जागा घेईल? हेच काम पुठ्ठ्याच्या कार्डांनी किंवा एका जादा तासिकेने किती खर्चात होईल? आणि लाभ झाला की नाही, हे एका वर्षाने कोण व कसे तपासणार?

वडोदऱ्यातील शंभर शाळांना संगणक मिळाले तेव्हा हे प्रश्न कोणी विचारले असते, तर ते संगणक दोन वर्षे पडून राहिले नसते. ज्या महाविद्यालयात बंद पडलेला प्रोजेक्टर कपाटावर ठेवलेला आहे, तेथे हे प्रश्न विचारण्यास आजही उशीर झालेला नाही.